पावणं

आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. माझी बायको मात्र भांडण झालं की मलाच म्हणायची. "पावणं, जेवून घ्या." "पावणं, गिझर बंद करा की." त्यापुढं एक अक्षर नाही. मीही कमी नव्हतो. "भाजीत मीठ जास्त झालंय, सांगा कुणीतरी," असं भिंतीला ऐकवायचो. ती फसकन हसली की भांडण मिटलं. एकतीस वर्षं आमचं त्या एका शब्दावर भागलं.

गेल्या महिन्यात स्वयंपाकघराच्या ओट्याचा विषय निघाला. वाकून वाकून तिची कंबर गेली होती, तिला ओटा उंच हवा होता. मी नको म्हटलं. ती हट्टाला पेटली, माझंही डोकं फिरलं आणि तिनं बोलावलेल्या गवंड्यासमोर बोलून गेलो, "घर माझ्या बापाचं हाय. तू हितं पावणी हाईस!"

जिभेला हाड नसतं म्हणतात, ते खोटं नाही. आमचा मिटवायचा शब्द मी तिच्या वर्मी मारला. तिनं पिशवी भरली आणि जयसिंगपूरला भावाकडं निघून गेली.

आठ दिवस घर खायला उठलं. फोन केला तर "बरी हाय" एवढंच. मला शुगर निघाल्यापासून ती माझा चहा वेगळा, बिनसाखरेचा उकळायची. आता मीच करायचो आणि रागानं दोन-दोन चमचे साखर घालायचो. तरी गोड लागेना. त्या बुटक्या ओट्याशी चार दिवस भांडी घासली आणि माझीही कंबर धरली. "पावणं" ऐकायला कान नुसते आसुसले होते.

नवव्या दिवशी एसटी धरली. दार तिनंच उघडलं.

"या, बसा."

त्या घरचा मी जावई, म्हणजे खराखुरा पावणा. चहा कपबशीतून आला, सोबत बशीत बिस्किटं. घरी माझा स्टीलचा पेला ठरलेला. भीत भीत घोट घेतला. बिनसाखरेचा होता.

"चल की घरी," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

"तुझ्या." मी कप खाली ठेवला. "गवंडी थांबलाय. ओटा तुझ्या मापानं बांधायचाय, तू न्हाईस तर माप कुणाचं घेऊ?"

तिनं डोळे पदरानं पुसले.

"पावणं," म्हणाली, "आधी च्या संपवा."