मारुतीच्या पाठीमागचं घर

अन्याय झाला तो आमच्या लेआउटच्या शेवटच्या रांगेत राहणाऱ्या काकूंवर आणि त्यांच्या नवऱ्यावर. तो झाला मागच्या हनुमान जयंतीला, सकाळी, भंडाऱ्याच्या रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटल्या त्या वेळी. मिस्त्रीनं मंदिराच्या मागच्या भिंतीची शेवटची ओळ लावली, थापीनं सिमेंट सारखं केलं, आणि काकूंच्या घरापर्यंत जाणारी गाडीची वाट बंद झाली. टाळ्या वाजल्या. काकू तेव्हा त्याच भंडाऱ्याची कणीक तिंबत होत्या.

वाशीमच्या कडेला, जिथं शहर संपतं आणि सोयाबीन सुरू होतं, तिथं आमचं लेआउट आहे. आधी तेही सोयाबीनचंच शेत होतं. मालकानं ते एनए, म्हणजे बिनशेती, करून घेतलं, चुन्याच्या रेघा मारल्या, पांढरे दगड रोवले आणि गुळगुळीत कागदावर नकाशा छापला. नकाशात मधोमध बगिचा होता, बगिच्यात झोका होता, झोक्यावर गोरं गोरं पोरगं होतं. शेवटच्या रांगेच्या बाजूनं रुंद डांबरी रस्ता होता. प्रत्यक्षात बगिच्याच्या जागी मुरमाड माळ मिळाला आणि रस्त्याच्या जागी नाली. ढोर पडलं तर निघणार नाही इतकी खोल.

लोक आले ते खेड्यांवरून, मुलांच्या शाळेपायी शेती ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन. काका-काकू कामरगावकडचे. कोपऱ्यावर किराणा टाकणारे शेठजी कारंज्याचे जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचे आणि मग आमच्या ओट्यावर गप्पांना येऊन बसायचे. सगळ्यांचं अंगण एकच, ती मधली मोकळी जागा. उन्हाळ्यात तिथं खाटा टाकून बायका कुरडया घालायच्या, आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या घरच्या. चीक मात्र रोज काकूच शिजवायच्या. आम्ही पोरं कावळे हाकलायच्या नावाखाली ओल्या कुरडया खायचो. त्याच जागेतून दूधवाला जायचा, ऑटो जायचे, काकांची गव्हाची पोती घेऊन मेटॅडोर जायचा. शेवटच्या रांगेला दुसरी वाटच नव्हती, आणि त्या रांगेत घर एकच होतं, काकूंचं.

एके दिवशी लेआउटचा मालक टेप घेऊन आला आणि मोकळ्या जागेत आणखी प्लॉट पाडायला लागला. नकाशा सुधारलाय म्हणाला. माझ्या बाबांनी आणि इतरांनी अर्जाची भाषा सुरू केली. शेठजी म्हणाले, "अर्ज कायले करता? थ्या जाग्यावर देव बसवा. माणसाले हटवता येते. देवाले कोन हटवन?"

देव तयार होता. काकूंच्या घराचा पाया खोदताना एक दगड निघाला होता, एक खांदा वर उचलून बसलेल्या मारुतीसारखा. काकूंनी तो अंगणात भिंतीला टेकवून ठेवला होता, रोज त्यावर तांब्याभर पाणी घालायच्या. बाबा आणि काका त्याला घमेल्यात घालून घेऊन आले. शेंदूर काकूंनी लावला. मालक परत आला, त्यानं चपला काढल्या, नारळ फोडला आणि टेप गुंडाळून निघून गेला. त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दम धरला आणि मग पोट धरधरून हसलो.

आम्हाला वाटलं, जागा आपली झाली. ती देवाची झाली होती. एवढा फरक ध्यानात यायला आम्हाला वर्षं लागली, आणि आला तेव्हा भिंत उभी होती.

कारण देव वाढत गेला. आधी ओटा. मग टिनाचं शेड. मग फरशी, मग भोंगा, मग समिती आणि समितीला अध्यक्ष. कुरडयांच्या खाटा शेडच्या बाहेर गेल्या, मग आपापल्या गच्चीवर. आता जिची तिची कुरडई. पुढं समितीनं ठरवलं की ढोरं आत येतात, लोक मांडव टाकतात, तेव्हा चारही बाजूंनी भिंत हवी. काकूंनी वर्गणी दिली आणि फक्त विचारलं, "भाऊ, माह्याकडची गाडी कोठून येइन?"

"मांगून छोटं गेट ठेवतो न काकू," अध्यक्ष म्हणाले. "तुमाले का हत्ती आणाचा हाय?"

सगळे हसले. काकूही हसल्या.

पोळ्याच्या दिवशी सकाळी काकांची डावी बाजू गेली. अ‍ॅम्ब्युलन्स मंदिराच्या पुढच्या गेटाशी थांबली. मागचं गेट माणूस अंग चोरून जाईल एवढंच, शिवाय खाली उंबरा. स्ट्रेचर वळेना. पोरांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची डोक्याच्या वर धरली आणि तशी गेटावरून काढली. काकांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि उजव्या हातानं ते धोतर सावरत होते. खाली पोळ्याच्या बैलांसाठी तोरणं बांधणं चालू होतं.

काका वाचले. डॉक्टरांनी बजावलं की रोज व्यायामाला आणा, सुरुवातीचे महिने गेले तर हात गेला. पहिले काही दिवस पोरांनी उचलून नेलं. मग कुणाची परीक्षा आली, कुणाची सोयाबीनची सोंगणी आली, कुणाची कंबर धरली. चाकाची खुर्ची आणली तर ती गेटातच अडते. ऑटोवाले पुढच्या गेटाशी एवढा वेळ थांबायला तयार नाहीत. काकू एकट्या काकांना उचलू शकत नाहीत. मी आणि काकू मिळूनही नाही, आम्ही करून बघितलं.

मी पत्रक काढलं. माझं कामच ते आहे. पाण्याच्या टाकीपासून बसच्या थांब्यापर्यंत मी पत्रकं काढलेली आहेत आणि त्यांत भजीही खाल्ली गेलेली आहेत. पत्रक घेऊन शनिवारच्या आरतीला गेले.

"आली पत्रकवाली," अध्यक्ष म्हणाले. "बोल बाई, आज कोनाचा मुर्दाबाद?"

"कुणाचाच नाही. मागचं गेट रुंद करा. गाडी जाईल एवढं."

"करू न. कोन नाई म्हनून राह्यलं?"

"कधी?"

"थ्याच्यासाठी भिंत फोडा लागन. देवाची भिंत हाय. पहिला घन कोन मारन, थे सांग."

बाबा आरतीच्या ताटातली वात सारखी करत राहिले. मी म्हटलं, मी मारते.

"तू मारशीन. अन् उद्या कोनाच्या घरी बरंवाईट झालं तं नाव तुहंच येइन. लगन व्हाचं हाय तुहं."

पुन्हा हसणं. मी शेठजींकडे वळले. "शेठजी, देव तुम्हीच बसवायला सांगितलात ना? मालकाला हटवायला?"

शेठजींनी मारुतीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बसवला तवा दगड होता, पोरी. आता देव हाय." ते खोटं बोलत नव्हते, हीच तर अडचण आहे. इथं कुणीच वाईट नाही. ज्यांनी काकांना खुर्चीतून उचललं तेच भिंतीला हात लावत नाहीत.

मग नगरपालिकेच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, मोकळी जागा मोकळीच हवी, भिंत नियमात बसत नाही. मला वाटलं जिंकलो. मग त्यांनी आवाज उतरवला. "मंदिराच्या भिंतीला हात लावला तं उद्या मोर्चा माझ्या दारात. तुमच्यासारखेच काढतीन. ज्याची वाट अडली त्याच्या सहीचा अर्ज आणा, मग पाहू."

अर्ज मीच लिहिला आणि काकूंसमोर धरला. काकू काकांच्या हाताला तेल चोळत होत्या. अर्जाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"माह्या घरच्या पायातून निघाला थो. माह्या हातानं शेंदूर लावला. आता त्याच्यावर केस करू?"

"केस देवावर नाही काकू, भिंतीवर आहे."

"अन् भिंत कोनाची हाय?"

मला भाषणं येतात. घोषणा येतात. मी अर्जाची घडी घातली. काकांनी जड जिभेनं काहीतरी म्हटलं. काकू म्हणाल्या, "राहू दे म्हन्तेत." काकांनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला, एखादी दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

हे लिहितेय तेव्हा भिंत आहे तशी आहे. आतून तिला टाईल्स आहेत. काकांच्या खिडकीतून तिची दुसरी बाजू दिसते, गिलावा न केलेली. त्यांच्या डाव्या हाताची बोटं आता मुठीत वळायला लागली आहेत. काकू ती एकेक करून उघडतात, सोडली की पुन्हा मिटतात. शनिवारी आरती सुरू झाली की खुर्ची खिडकीशी ओढून त्या काकांना बसवतात आणि दोघं भिंतीला हात जोडतात. काकांचा एकच हात येतो.

मला तुमची हळहळ नको. तुमच्याही लेआउटमध्ये मोकळी जागा असेल, तिच्यात देव असेल, देवाभोवती भिंत असेल. येत्या शनिवारी आरतीला जा. प्रसाद हातात पडला की घराकडे पळू नका. भिंतीच्या मागच्या घरापर्यंत अ‍ॅम्ब्युलन्स कशी जाते, हे सगळ्यांसमोर विचारा. आणि वाशीमकडचे असाल तर आमच्याकडे या. घन मी आणून ठेवला आहे. मी एकटीनं मारला तर नाव माझं येईल आणि भिंत दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहील. तुम्ही या, आणि घनाच्या दांड्याला माझ्या हाताशेजारी हात लावा.