आलेच मावशी

आपल्या बोलीत एक विलक्षण शब्द आहे. माणूस जागचा हललेला नसतो, हातातले काम हातातच असते, आणि तरी तो आतून ओ देतो, "आलोच." येणे व्हायचे असते आणि शब्द मात्र आल्याचे सांगून मोकळा होतो. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालणाऱ्या एका बाईंचे सारे आयुष्य या एका शब्दात मावले, म्हणून त्यांच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलेमुली त्यांना आलेच मावशी म्हणत. त्यांची ही गोष्ट प्रेमाने ऐकावी, कारण त्यांच्यात वाईट म्हणावे असे काही नव्हते.

सकाळी सहाला धुलाईघराचे दार उघडे. कढत वाफेतून चादरी बाहेर येत. दोघी बायका समोरासमोर उभ्या राहत, कोपऱ्याला कोपरा जुळवत, दोन पावले पुढे, दोन पावले मागे. त्या पावलांवर मावशींची बत्तीस वर्षे गेली. दुसऱ्यांनी निजावे म्हणून त्या उभ्या राहिल्या. तिथून सुटल्या की मंडळीचे काम. प्रभुभोजनाच्या मेजावरचे आच्छादन धुवायचे, रविवारच्या शाळेची हजेरी ठेवायची, आजाऱ्यांना भेटायचे, गायकांच्या झग्यांची तुटलेली बटणे लावायची. उपासना सुरू झाली की त्या शेवटच्या बाकाच्या टोकाला अर्ध्यामुर्ध्या टेकत, एक पाय दाराकडे. न जाणो, कोणी हाक मारली तर! पाळकसाहेब कौतुकाने म्हणत की मावशींवाचून मंडळीचे पान हलत नाही. तेवढ्या वाक्यावर त्यांचा पुढचा आठवडा निघे. मनातल्या मनात त्यांचा हिशेब साधा होता: एवढे केले तर शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला गर्दीतून ओळखील.

घर दोन खोल्यांचे. पश्चिमेच्या खिडकीपाशी दोन खुर्च्या. एकीवर त्यांचे यजमान बसत. त्यांनी जन्मभर पुस्तके बांधली. बोटांना खळीचा वास कायमचा चिकटला, आणि नावाऐवजी लोक त्यांना बाइंडरच म्हणू लागले. दुसरी खुर्ची मावशींची, पण तिच्यावर मंडळीच्या कपड्यांचा ढीग असे. लग्न झाले तेव्हा दोघांचे ठरले होते की रोज दिवेलागणीला या खुर्च्यांवर दहा मिनिटे बसायचे. एक वचन वाचायचे, प्रार्थना करायची, उरलेला वेळ प्रभूजवळ गप्प राहायचे. वर्षभर ते चालले. पुढे खिडकीकडून हाक येत राहिली आणि आतून उत्तर जात राहिले. बाइंडर रागावत नसत, चिमटा काढत.

"देवदूत न्यायला आला तरी त्याला म्हणशील, आलेच, जरा इस्त्री बंद करते."

"तुमचं बरंय," मावशी म्हणत. "बसल्या जागी विनोद करायला काय जातंय?"

मग एके दिवशी बाइंडरांनी एका पुस्तकाची पाने उलटी शिवली. शेवट आधी आणि आरंभ शेवटी. गिऱ्हाईक हसले, तेही हसले. महिन्याने तीच चूक पुन्हा झाली. पुढे घराचा रस्ता चुकला, त्यापुढे चहा घेतल्याचे विसरून ते पुन्हा चहा मागू लागले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि मावशींना बाजूला घेऊन सांगितले की ही ओळख हळूहळू विझत जाणार आहे, ती परत पेटवण्याचे औषध नाही. जे बोलायचे, जे एकत्र करायचे, ते लवकर करून घ्या.

मावशींनी काय केले? कामे वाढवली. हसू नका आणि दोषही देऊ नका. हात रिकामे झाले की मन भरून येई, आणि भरलेले मन कुठे ओतावे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. खिडकीपाशी बसले तर त्या माणसाच्या डोळ्यांत पाहावे लागेल, आणि तिथे आपण किती उरलो आहोत ते दिसेल, याची त्यांना भीती वाटे. भीतीला त्यांनी सेवेचा झगा चढवला. वरून बटणेही नीट लावली.

त्याच सुमारास मंडळीने तीन दिवसांचे शिबिर ठरवले. विषय होता ‘विसावा’. व्यासपीठामागे टांगायचा पडदा शिवण्याचे काम अर्थातच मावशींकडे आले. निळ्या कापडावर पांढऱ्या कापडाची हातभर उंचीची अक्षरे. एका संध्याकाळी त्या जमिनीवर बसून ‘सा’चा काना कातरत होत्या, तेव्हा खिडकीकडून हाक आली. त्या दिवशी बाइंडरांचा आवाज स्वच्छ होता, जुना होता.

"अगं, ऐक. आज मला सगळं आठवतंय. उद्याचं सांगता येत नाही. आपण दोघं एकदा प्रार्थनेला बसू. मी तुझं नाव घेऊन प्रार्थना करीन, नाव माझ्या तोंडात आहे तोवर."

मावशींच्या हातातली कात्री थांबली. मग त्या म्हणाल्या, "आलेच. एवढा ‘वा’ लावते. नाहीतर असं करू, शिबिर उरकू दे. मग रोज बसू."

"रोज नको गं," ते म्हणाले. "एकदाच." आणि ते वाट पाहत बसले. ‘वा’ लागला तोवर उजेड गेला होता, आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला होता. त्यांना उठवू नये, असे मावशींना वाटले. खरे सांगायचे तर त्यांना सुटल्यासारखे वाटले.

शिबिर भरले. पडदा फार सुंदर दिसत होता. सगळ्यांनी विचारले, कोणी शिवला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेरगावच्या वक्त्यांनी सर्वांना डोळे मिटून दहा मिनिटे गप्प बसायला सांगितले. मागच्या खोलीत मावशी कपबशा विसळत होत्या. एकाएकी सभागृह शांत झाले. खुर्ची करकरेना, कोणी खोकेना. त्या शांततेत त्यांच्या नळाचाच तेवढा आवाज उरला, आणि तो त्यांना लाजिरवाणा वाटला. त्यांनी नळ बंद केला. मग मनात ऐकू आली ती ओळखीची हाक, अगं, ऐक. पन्नास कपबशा तशाच टाकून मावशी निघाल्या. हातातले काम अर्धे टाकून त्या अशा कधीच निघाल्या नव्हत्या. धावण्याचे वय नव्हते, तरी त्या धावल्या.

घरी शेजारच्या काकू बाइंडरांजवळ बसल्या होत्या. आज सकाळपासून जरा निराळंच आहे, एवढे सांगून त्या गेल्या. मावशींनी आपल्या खुर्चीवरचा ढीग दोन्ही हातांनी उचलून पलंगावर टाकला आणि बसायला वाकल्या.

"तिथे बसू नका, बाई," बाइंडर म्हणाले. "ती माझ्या बायकोची खुर्ची आहे."

उभ्या संसारात त्यांनी मावशींना कधी ‘तुम्ही’ म्हटले नव्हते.

मावशी खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, मीच. मी आले." या वेळी शब्दाच्या शेवटी ‘च’ नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शब्द आणि पाय एकाच जागी आले होते.

बाइंडरांनी त्यांच्याकडे पाहिले, परक्या माणसाकडे सौजन्याने पाहावे तसे. "बरं झालं आलात," ते म्हणाले. "आम्ही प्रार्थनेला बसणार आहोत. ती येईल एवढ्यात. आलेच म्हणालीय. तिला फार काम असतं हो. देवाचं काम, मध्येच टाकून येता येत नाही."

मावशींनी त्यांना समजावले नाही. लग्नाचा फोटो आणून दाखवला नाही. त्या खाली जमिनीवर बसल्या, त्यांच्या पायांशी. प्रभूच्या पायांशी बसण्याविषयी त्यांनी किती प्रवचने मागच्या खोलीतून, अर्ध्या कानाने ऐकली होती! तिथे विसावा आहे असे त्या सगळ्यांत सांगितले होते. आता त्या बसल्या होत्या, आणि विसावा काही येत नव्हता. गुडघे दुखत होते. प्रार्थनेचे शब्द सुचत नव्हते. प्रभू, मी उशिरा आले, एवढेच पुन्हा पुन्हा मनात येत होते, आणि उत्तर येत नव्हते.

बाइंडरांनी मांडीवर हात जोडून ठेवले होते. खळीचा वास येत होता. ते कान देऊन आतल्या खोलीकडे ऐकत होते. तिथे कोणीच नव्हते.

थोड्या वेळाने त्यांनी काळजीने विचारले, "वाट पाहावी लागेल थोडी. तुम्हाला घाई नाही ना?"

"नाही," मावशी म्हणाल्या.

खिडकीतला उजेड खाली उतरत गेला, आधी रिकाम्या खुर्चीवरून, मग त्या दोघांवरून.