काकांचे माफीचे फोन

काकांचा नवा फोन मी चालू करून दिला. चोरून नाही, काका आणि काकू दोघंही समोरच बसले होते. काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, "बघा, कसा पटपट हात चालतो पोरीचा." हात चालत होता हे खरं. पडद्यावर एकामागून एक इंग्रजी पानं येत होती आणि प्रत्येकाच्या खाली एक निळं बटण. ते दाबलं की पान जायचं, पुढचं यायचं. मी सगळीकडे निळंच दाबत गेले.

वाचलं काहीच नाही. अक्षरं लागतात मला, पण शब्द जुळेपर्यंत डोकं गरगरतं. आणि दोघांच्या देखत एकेक अक्षर लावत बसणं मला परवडणारं नव्हतं.

कारण मी खोटं बोलले होते. कोपरला यांच्याकडे खोली भाड्याने घेऊन राहायला आले, तेव्हा काकूंनी दारातच विचारलेलं, "शिक्षण किती गं?" मी म्हटलं, "दहावी झालीय." झालेली सातवी. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, आणि घरात आई अंथरुणाला खिळलेली. परभणीकडच्या आमच्या गावात हे सांगायला कुणी लाजत नाही, निम्म्या पोरींचं तेच. पण इथे आतल्या खोलीत पुस्तकांचं कपाट दिसलं, खुर्चीत निवृत्त मास्तर बसलेले दिसले, आणि तोंडातून तीन इयत्ता जास्तीच्या निघून गेल्या. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे, तिथे शिक्षण कोणी विचारत नाही, खोक्यावर लेबल सरळ लागलं की झालं. घरी मात्र मी रोज दहावी पास.

माणसं तरी कशी. मला टायफॉइड झाला तेव्हा काकूंनी पंधरा दिवस मऊ भात भरवला. रिपोर्ट आणायला काका बहात्तराव्या वर्षी दोनदा जिने चढून गेले. अशा घरात खोटं बोलून राहायचं म्हणजे घास घशाखाली उतरताना जाणवतो.

फोन घेऊन महिना झाला असेल. एका सकाळी काकांच्या फोनवर लागोपाठ मेसेज यायला लागले. पहिला एका जुन्या विद्यार्थ्याचा : "सर, तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्याने नुसते हात जोडलेले. मग काकूंच्या बहिणीचाच फोन आला, आणि तिने काय आलंय ते वाचून दाखवलं. काकांच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरवर, काकांच्या नावाने, एका हसऱ्या बाईच्या चित्रासकट गेलेलं : "मी इथे आहे. तुमच्याशी खाजगी गप्पा मारायच्या आहेत. या ना!"

काकू पोट धरून हसल्या. "चाळीस वर्षं झाली, माझ्याशी चारचौघांतसुद्धा धड बोलत नाहीत. आणि गावाशी खाजगी गप्पा!"

"अगं, मी काहीही केलेलं नाही," काका म्हणाले.

"हो, केलेलं असतं तर मला आनंदच झाला असता."

काका हसले नाहीत. त्या फोनमध्ये दोनशेच्या वर नंबर होते. त्यांनी शिकवलेल्या मुली, आता चाळिशी-पन्नाशीच्या. त्यांच्या शाळेतल्या बाई. वारलेल्या मित्रांच्या बायका. इमारतीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर काका रोज सकाळी खडूने सुविचार लिहीत. त्या दिवशी लिहिला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तुझ्या माहितीतला कुणी असेल तर दाखव. माझ्या हातून काय दाबलं गेलं ते कळू दे."

सुट्टीच्या दिवशी मी तो ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दोन मिनिटं बोटं फिरवली.

"ताई, व्हायरसबियरस काय नाय. कंपनीचंच ॲप आहे हे, फोनसोबत आलेलं. आता अपडेट आलं ना, त्यात कंपनीने त्याला नवीन काम लावलं. सगळ्यांना ॲपवर बोलवा म्हणे."

"पण काकांनी काहीच दाबलं नव्हतं."

"त्यांनी कशाला दाबायला पायजे? तिकडे बसून करतात ते. नंबर बघायची परवानगी पहिल्याच दिवशी दिलेली असते. सेटअप कोणी केला?"

"घरातल्याच कोणीतरी."

"मग त्यांनी वाचलं नसणार. टेन्शन नका घेऊ, कोणीच वाचत नाय. मीपण नाय वाचत."

"काढून टाका ते."

"निघत नाय. बंद करून देतो. पुढच्या अपडेटला परत उठलं तर या."

"म्हणजे फोन काकांचा का कंपनीचा?"

"काकांचाच," तो म्हणाला. "फक्त कंपनी अजून घरातून गेलेली नाय."

ठाण्याहून परत येईपर्यंत मी वाक्य जुळवत होते. कंपनीने केलं, एवढं सांगितलं असतं तर काका त्याच दिवशी सुटले असते. पण ते मास्तर. पुढचा प्रश्न विचारणारच : कंपनीला परवानगी कोणी दिली? मग ते निळं बटण निघालं असतं, मग 'वाचलं का नाहीस', मग सातवी. घरी जाऊन मी म्हटलं, "व्हायरस होता काका. काढला."

"म्हणजे मीच कुठूनतरी आणला," काका म्हणाले.

मी पीठ मळायला आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते फोन करायला लागले. वर्गात चूक झाली की मुलाने उभं राहून स्वतः सांगायची, ही त्यांची जुनी पद्धत. ती आता स्वतःला लावली. सगळे नंबर त्यांनी वहीत उतरवून काढले आणि रोज संध्याकाळी, मी कामावरून येऊन पोळ्या लाटायला बसले की बाहेर ओळीने सुरू. "नमस्कार. मी सर बोलतोय. माझ्या निष्काळजीपणामुळे आपल्याला एक असभ्य संदेश गेला. मी आपली क्षमा मागतो." प्रत्येकाला हेच, शब्दही तेच. समोरचे म्हणायचे, "सर, जाऊ द्या हो, होतं असं." काका म्हणायचे, "नाही, माझी चूक आहे." मग वहीत त्या नंबरापुढे बरोबरची खूण.

आत माझ्या पोळ्या करपायच्या. काकू म्हणायच्या, "लक्ष कुठंय गं तुझं? कुणी मुलगा बघितलास की काय?" मी हसायचे. हसता यायचं मला तेव्हा.

तीन आठवडे असे गेले. मग एका संध्याकाळी त्यांनी त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या बाईंना फोन लावला. काकांचं वाक्य अर्ध्यावर आलं आणि पलीकडून फोन ठेवला गेला. काका कानाला फोन तसाच धरून बसले. पुन्हा लावला नाही. वहीत खूण केली नाही.

मी पिठाच्या हातानेच बाहेर गेले आणि सगळं बोलून टाकलं. निळं बटण, दुरुस्तीवाला, कंपनी, सातवी. काकू ओट्याशी होत्या, त्याही दारात येऊन उभ्या राहिल्या.

काका वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "सातवीचं मला काही नाही. कंपनीचं म्हणशील, तर ते पान मलाही समजलं नसतं, मीही तेच दाबलं असतं. पण तुला हे कधी कळलं?"

"टेंभी नाक्याला गेले त्या दिवशी."

"म्हणजे मी पहिला फोन करायच्या आधी."

"हो."

"आणि तू आत पोळ्या लाटत होतीस."

मला वाटलं होतं ते ओरडतील. मी घाबरले होते ते ओरडण्याला, खोली सोड म्हणण्याला. हे वाक्य माझ्या हिशेबात नव्हतं. काकू म्हणाल्या, "अहो, पोर आहे." काकांनी हाताने त्यांना थांबवलं.

"अजून अकरा राहिलेत," ते म्हणाले आणि फोन माझ्यासमोर सरकवला. "ते तू कर. क्षमा मागू नकोस. काय झालं तेवढंच सांग. बाईंपासून सुरुवात कर."

मी हात पुसले. नंबर लावला. पलीकडून करड्या आवाजात, "काय आहे आता?"

"नमस्कार. मी सर नाही," मी म्हटलं. "तो मेसेज सरांनी पाठवला नव्हता. फोनच्या कंपनीने पाठवला. त्यांना परवानगी मी दिलेली, न वाचता. मला इंग्रजी वाचता येत नाही."

बाईंनी विचारलं, "तू त्यांची कोण?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी वहीतून मान वर केली नाही.

"त्यांच्याकडे राहते," मी म्हटलं.