शेपूट बाहेर

साठच्या दशकातली गोष्ट. पुलांची गणितं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची टेप घेऊन मी यवतमाळहून पांढरकवड्यामार्गे हैदराबादला निघालो होतो. तिथल्या कॉम्प्युटरवर ती चढवायची होती. एसटीत शेजारी टूरिंग टॉकीजचे एक ऑपरेटर बसले होते. टेपचा माझा गोल डबा दिसताच त्यांनी तो न विचारता मांडीवर घेतला आणि प्रत्येक खड्ड्याला लेकरासारखा दाबून धरला.

“कोन्तं पिक्चर हाय?”

“पिक्चर नाही हो, नुसते आकडे आहेत.”

“मंग एक खेळबी नाही चालत,” ते हळहळले. “बरं, डोस्कं बाहेर हाय का शेपूट, पाह्यलं काय? मागचा ऑपरेटर आळशी असला तं रीळ परत गुंडाळत नाही. घाटंजीले आमचा हिरो पयले मेला, मंग त्याचं लगन लागलं!”

मी शिकलेल्या माणसासारखा हसलो.

हैदराबादला दोन दिवस मशीन टेप वाचेना. इंजिनिअर जाडजूड पुस्तकं चाळत होते आणि साहेब माझ्याकडे पाहत होते. नोकरी जाते की काय, असं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी मला तो मेलेला हिरो आठवला. पाहतो तर शेपूट बाहेर! आधीच्या ठिकाणी टेप कुणी परत गुंडाळलीच नव्हती. गुंडाळली, तशी मशीन मुकाट्याने वाचू लागली.

अहवालात ‘सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाचं नाव’ असा रकाना होता. तो मी कोरा सोडला. पांढरकवड्याला उतरताना मी त्या ऑपरेटरना नाव विचारलंच नव्हतं. डबा तेवढा घाईघाईने परत मागून घेतला होता.