एकसष्टावं नाव पेन्सिलीनं

पोर्टल म्हणत होतं, ही मुलगी आधीच शाळेत आहे. मी म्हणत होते, आहेच की, माझ्याच शाळेत आहे, म्हणून तर नाव भरतेय. नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, आधार नंबर टाकला, की वर लाल पट्टी यायची: विद्यार्थ्याची नोंद दुसऱ्या शाळेत आहे. तीन दिवस मी त्या लाल पट्टीशी भांडत होते आणि चौथ्या दिवशी माझं डोकं उठलं.

मी महापालिकेच्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका. शिवाजी पेठेच्या कडेला आमची दोन मजली इमारत आहे. वर आमची शाळा, खाली उर्दू शाळा. फाटक एक, पटांगण एक, खिचडीचं पातेलंसुद्धा एकच. फक्त मुख्याध्यापक दोन. खालचे मुजावर सर, वरची मी. जिन्यातनं जाता-येता भेटायचं, एकमेकांच्या अधिकाऱ्यांना शिव्या घालायच्या आणि कामाला लागायचं, असा आमचा सहा वर्षांचा शेजार.

आता पट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळेत जितकी मुलं नोंदलेली, तो पट. सप्टेंबरअखेर पोर्टलवर जो पट दिसतो त्यावर शिक्षक ठरतात. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. एकसष्टावं मूल आलं की तिसरा. एक जरी कमी पडलं, तर तिसरा शिक्षक 'अतिरिक्त'. त्याची नोकरी जात नाही, पण शाळा जाते. जागा असेल तिथं पाठवतात, मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाला का असेना.

माझ्याकडं तीन शिक्षक. मी, पाटील सर आणि सुतार बाई. सगळ्यांत ज्युनिअर सुतार बाई, म्हणजे गेल्या तर त्याच जाणार. पहिली-दुसरी त्यांच्याकडं. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर. खिचडी वाढून झाली की बाई पळत घरी जायच्या, सासूला चार घास भरवायच्या आणि पुन्हा पळत यायच्या. बदली झाली असती तर ते चार घास कोण भरवणार होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

पोर्टलवर माझी साठ नावं झाली होती. एकसष्टावी अल्फिया, इयत्ता दुसरी. तिचं नाव हजेरीत अजून पेन्सिलीनं होतं. नवीन मुलाचे कागद येईपर्यंत आम्ही नाव पेन्सिलीनं लिहितो, कागद आले की पेन फिरवतो. अल्फियाच्या आईनं आधारची झेरॉक्स नुकतीच पाठवली होती. पेन फिरवायला मी मोकळी झाले होते, तर ही लाल पट्टी.

मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं. एकानं लिहिलं, सर्व्हर डाऊन आहे. दुसऱ्यानं लिहिलं, रात्री दोनला भरा, होतं. तिसऱ्यानं हात जोडलेलं चित्र टाकलं. मग मी शेवटी ती पट्टी नीट वाचली. खाली बारीक अक्षरात त्या दुसऱ्या शाळेचा कोड होता. अकरा आकडी. आकडा ओळखीचा वाटत होता, पण कुठं पाहिलाय ते आठवेना. आठवलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. तो कोड मीच दर आठवड्याला टाईप करते. मुजावर सरांना कॉम्प्युटरचा कंटाळा, म्हणून त्यांच्या शाळेची खिचडीची माहितीही मीच भरते; मुलांची नावं तेवढी त्यांचे शिक्षक भरतात. त्यांचा पासवर्ड माझ्या ड्रॉवरमध्ये चिठ्ठीवर असतो.

तशीच खाली गेले. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. सर पहिली-दुसरी एकत्र घेऊन बसले होते.

"सर, तुमच्याकडं अल्फिया नावाची कोण आहे का दुसरीला?"

"हाय की. ही काय, दाराजवळ बसलीय."

बघते तर तीच. त्याच दोन वेण्या, त्याच लाल रिबिनी, पाटीवर मान घालून उर्दू अक्षरं काढत बसलेली. काल दुपारी हीच पोरगी वरच्या मजल्यावर माझ्यासमोर चारचा पाढा म्हणत होती. मला काही सुधरेना. मी सरांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, जुळ्या असतील. सरांनी माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं.

"म्याडम, जुळ्यांस्नी एकच नाव कोण ठेवंल?"

तेही खरं. ते म्हणाले, पोरगी चांगली आहे, पण खिचडी झाली की पळती. यात नवल काही नव्हतं. खिचडी खाऊन घरी धूम ठोकणारी चारदोन पोरं प्रत्येक शाळेत असतात. वर येऊन मी सुतार बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अल्फिया रोज येते, पण दुपारीच येते. सकाळी घरात काहीतरी अडचण असेल म्हणून मी जास्त बोलत नाही, येते हेच खूप. मी एकदा खालच्या मजल्याकडं बघितलं, एकदा बाईंकडं. उजेड पडायला लागला होता, पण पडू नये असंच वाटत होतं.

दुपारी दोनला मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले आणि सर खालच्या. खिचडी झाली. पोरं हात धुऊन पांगली. मग सरांच्या समोरून एक दप्तर जिना चढायला लागलं. दप्तरच म्हणते, कारण त्याच्यामागं पोरगी दिसतच नव्हती. एका हातानं कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत ती वर आली, मला 'नमस्ते बाई' म्हणाली आणि दुसरीच्या वर्गात आपल्या जागेवर जाऊन बसली. सर खालनं माझ्याकडं बघत राहिले आणि मी वरनं त्यांच्याकडं.

अल्फियाला ऑफिसात बोलावलं. सुतार बाईही आल्या. मी विचारलं, बाळ, तुझी शाळा कुठली? ती म्हणाली, ही. खालची का वरची? तिला प्रश्नच कळला नाही. तिनं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं, सकाळी खाली, खिचडी झाली की वर. कुणी सांगितलं असं? तिनं सुतार बाईंकडं बोट केलं.

बाईंचा चेहरा पडला. मग आठवून आठवून सगळं बाहेर आलं. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा आम्ही शिक्षक पोरांच्या मागं असतो. मीच बजावून ठेवलेलं असतं, पटांगणात मोकळं मूल दिसलं की हात धरून वर आणा, नाहीतर कोणीतरी दुसरं नेईल. अल्फियाचं कुटुंब कागलहून नुकतंच इथं राहायला आलं होतं. पहिल्या दिवशी खिचडीनंतर ही फाटकाशी एकटी उभी होती. बाईंनी विचारलं, कितवीला? ती म्हणाली, दुसरीला. झालं. बाईंनी तिला गुलाबाचं फूल दिलं, वर आणलं, पुस्तकं दिली आणि रोज यायचं बरं का म्हणून सांगितलं. ती रोज आली. मराठी तिचं आमच्यापेक्षा खणखणीत. आणि आमच्या साठांतली वीसेक पोरं मुसलमान घरातलीच आहेत, त्यामुळं नावावरून मजला कळायची सोय नाही.

अडीच महिने पोरगी दोन शाळा करत होती. दोन्हीकडची पुस्तकं, दोन्हीकडच्या वह्या, दोन्हीकडचा गृहपाठ. तिच्या वह्या मी बघितल्या. दोन्हीकडं पूर्ण.

मुजावर सरांनी चहा मागवला. मग हळूच म्हणाले, "म्याडम, माझा पट एकसष्ट हाय. हिला धरून."

योगायोग म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही. जूनभर पोरं गोळा करायची आणि एकसष्टावर पोचलं की दम टाकायचा, ही आम्हा दोघांचीही सवय. आता त्या एका पोरीवर दोन मजल्यांवरच्या दोन माणसांची नोकरीची जागा लटकली होती. सरांकडचे तिसरे शिक्षक लग्न होऊन नुकते इथं भाड्याच्या खोलीत राहायला आलेले. कुणाचं कारण मोठं, हे मी ठरवायला बसले तर मला वेड लागलं असतं.

खरं ते सांगते. शाळा सुटल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. मूल एका शाळेतून दुसरीकडं न्यायचं तर नव्या शाळेनं मागणी टाकायची आणि जुन्या शाळेनं मंजूर करायची. दोन्ही शाळांचे पासवर्ड माझ्या ड्रॉवरमध्ये. माझ्या लॉगिननं मागणी टाकली. बाहेर पडले. मुजावर सरांच्या लॉगिननं आत गेले. पडद्यावर अल्फियाचं नाव आणि पुढं हिरवं बटण. सुतार बाई शेजारी उभ्या होत्या. नजर त्या बटणावर. मी सहा वर्षांपूर्वी ह्या शाळेत आले तेव्हा पट अडतीस होता. त्याचे साठ मी केले, दारोदार फिरून केले, त्याचा मला माज आहे आणि तो असू दे. पण माणसानं विश्वासानं चिठ्ठीवर लिहून दिलेला पासवर्ड वापरून त्याचंच पोर पळवायचं, एवढी हिंमत माझ्यात निघाली नाही. लाज वाटली. मागणी रद्द केली आणि बाईंना म्हटलं, उद्या तिच्या आईला विचारू.

दुसऱ्या दिवशी आई आली. फॉल-पिकोचं काम करणारी, घाईत असलेली बाई. आम्ही दोघांनी, म्हणजे मिळून पन्नासेक वर्षं नोकरी झालेल्या दोन मुख्याध्यापकांनी, तिला सगळं समजावून सांगितलं. ती शांत ऐकत होती. मी विचारलं, दोन दोन शाळांच्या पुस्तकांचं तुम्हाला काही वाटलं नाही?

"नवीन नियम असंल म्हटलं. हल्ली शाळंत रोज एक नवीन निघतंय. दप्तर उचलंना म्हणून मी सोडायला येतो की रोज." आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात.

मग तिनं विचारलं, "तिला दोन्ही जमतंय न्हवं? मग एक का सोडायचं?"

सर माझ्याकडं बघायला लागले, मी कपाकडं. एका मुलाला एकच शाळा, पोर्टलवर एकच रकाना, असं काहीतरी मी पुटपुटले. ते तिला पटलं नाही, आणि आता लिहिताना मलाही पटत नाही. शेवटी ती म्हणाली, खाली राहू दे. मी ह्याच शाळेत खाली सातवीपर्यंत शिकलो, उर्दू घरात मी बघतो. मराठी काय, गल्लीत शिकतीच. तिचं बरोबर होतं. सरांनी माझ्याकडं न बघता चहा संपवला.

दुपारी खिचडी झाली आणि दप्तर पुन्हा जिना चढून वर आलं. सुतार बाईंनी तिला दारातच थांबवलं. खाली बसल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं की उद्यापासून वर यायचं नाही. अल्फियानं दप्तर खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "मी काय चुकलो? दोन्हीकडचा अभ्यास करतो की मी."

बाईंना रडू आवरेना. मी पाटील सरांच्या वर्गातनं हे ऐकत होते. मीच पुढं झाले आणि म्हटलं, तू नाही चुकलीस बाळ, आम्ही चुकलो. जा, बस जागेवर. नंतर खाली जाऊन मुजावर सरांना सांगितलं, नाव तुमच्याकडं, दुपारची माझ्याकडं बसू दे. ते म्हणाले, बसू दे की, कोण नको म्हणतंय. संध्याकाळी बाईंनी हजेरीतलं पेन्सिलीचं नाव खोडलं.

पुढं व्हायचं ते झालं. सप्टेंबरअखेर माझा पट साठ लागला. सुतार बाई अतिरिक्त ठरल्या आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत गेल्या. दुपारी सासूबाईंना भरवायला आता शेजारची बाई ठेवलीय, असं कळलं. बाईंचा फोन येतो. मला त्यांनी कधी बोल लावला नाही, त्यामुळं जास्त लागतं. पहिली-दुसरी आता मीच घेते, ऑफिसचं काम मांडीवर घेऊन.

अल्फिया दुपारी येते. कागदावर साठ, वर्गात एकसष्ट. मध्यंतरी पर्यवेक्षक अचानक तपासणीला आले. पोरं मोजायला उभी केली. मी धास्तावून बघते, तर अल्फियाची जागा रिकामी. साहेबांची गाडी फाटकात दिसताच ती दप्तर उचलून गुपचूप खाली जाऊन बसली होती. साहेब गेले तशी पुन्हा वर आली. तिला हे कुणी सांगितलं म्हणून मी सगळ्यांना विचारलं. कुणीच सांगितलं नव्हतं.

तीस वर्षं शिकवतेय. एवढं कळलंय की आपण शिकवलेलं पोरांना यायला वेळ लागतो, न शिकवलेलं लगेच येतं.