यशवंतकाकांचा टेलिफोन

‘काका पहाटे गेले.’ भावाने मोबाइलवर धाडलेले हे तीन शब्द मी वॉर्डात ड्युटीवर असताना वाचले. आधी वाटलं, काकांनी असं कळवू दिलं नसतं. मुंबईहून कुणाच्या घरची वाईट बातमी आली की ते ती स्वतः ऐकून घेत, चपला अडकवत आणि कातळाचा सडा तुडवत त्या घरी चालत जात. कुणालाही आपल्या टेलिफोन बूथवर बोलवून घेत नसत. “वायट बातमी माणसाला घरात कळूची, रस्त्यावर नाय,” म्हणत.

पावसजवळच्या आमच्या गावात, बौद्धवाडीत, यशवंतकाकांचं घर आमच्या घराला लागून. मुंबईत ते एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. वेळेआधी निवृत्ती घेऊन गावी आले, तेव्हा गावात पोस्टातला एकच फोन, तोही बहुतेक वेळा मुका. शिवाय आमच्या वाडीतल्या बायका तिथली पायरी चढायलाही बिचकत. त्याच सुमारास खाजगी माणसांना बूथचे परवाने मिळू लागले होते. काकांनी आयुष्याची सगळी शिल्लक त्यात घातली. एसटीच्या थांब्याजवळ, सगळ्या वाड्यांना सारखीच लांब पडेल अशी खोली घेतली. “त्यापेक्षा चार कलमं लाव,” असं सगळे सांगत होते. काका म्हणाले, “आंबा धरायला पाच-सहा वर्सा. तवर माणसांनी बोलायचा नाय काय?” त्यांच्या बाकावर सगळ्या वाड्यांतली माणसं खेटून बसत. आधी आला त्याचा नंबर आधी, एवढा एकच नियम.

माझे बाबा मुंबईत कारखान्यात होते. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येई. आई ठेवणीतलं लुगडं नेसून मला घेऊन जाई. मग एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. बाबांच्या खोलीखालच्या दुकानात काकांनी फोन लावला, तर “ते इथे नाहीत,” एवढंच उत्तर. आई तरीही दर रविवारी जात राहिली. बाकावर बसून फोनकडे बघत राही… वाडीत बायका कुजबुजू लागल्या. काका तिला कधी “जा घरी” म्हणाले नाहीत. काकूंना चहा ठेवायला सांगत.

अशात एकदा काका दोन दिवस बूथवर नव्हते. “मशीन बिघडलाय, मुंबयला गेलेत,” काकू म्हणाल्या. त्या रविवारी फोन वाजला. काकूंनी उचलला आणि आईच्या हातात दिला. आईने “हॅलो” म्हटलं. मग ती नुसती रडत ऐकत राहिली. तेवढ्यात एसटी आली. रांगेतल्या कुणीही घाई केली नाही.

बाबा त्या उन्हाळ्यात घरी आले ते कायमचे. मधल्या काळात काय झालं होतं, ते मला आत्ता, काकांच्या जलदान विधीला गावी गेले तेव्हा कळलं. जेवणं आटोपल्यावर बाबा आपणहून बोलू लागले. कारखाना बंद पडला होता. घरी पाठवायला काही नाही, मग बोलायचं कुठल्या तोंडाने? दुकानदाराला खोटं सांगायला त्यांनीच सांगितलं होतं. काकांनी त्यांना भाजीबाजारात गोणी उचलताना गाठलं. “मला वाटला, शिव्या घालतील,” बाबा म्हणाले. “पण त्यांनी हाताला धरला, तिथल्याच एका बूथवर नेला. म्हणाले, पैशे मागाहून पाठव. आधी आवाज पाठव.” एवढं सांगून बाबा अंगणात निघून गेले. काकांनी ही गोष्ट मरेपर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

पुढे मोबाइल आले आणि बूथ ओस पडला. काका तरीही रोज खोली उघडून, झाडून बसत. परत निघताना काकू मला तिथे घेऊन गेल्या. खोलीला दर वर्षी चुना लागे, पण फोनच्या बाजूची भिंत काकांनी एकदाही रंगवू दिली नव्हती. बोलता बोलता माणसांनी तिथे पेन्सिलीने काय काय गिरवून ठेवलं होतं… बोटी, नारळाची झाडं, पोरांची नावं. खाली, बाकावर वाट बघत बसलेल्या बाईचा हात पोचेल इतक्या उंचीवर, रांगोळीचे ठिपके होते. ओळीवर ओळ, एकही रेघ न जोडलेले. लिहायला न येणाऱ्या माझ्या आईचे.

“आता रंग देऊ काय गो?” काकूंनी विचारलं.

मी भिंतीवरचा हात काढला नाही. “नको,” म्हटलं.