चाचांच्या चहाबरोबर जाणारं नेट

चहा घ्या हातात, मग सांगतो. मी घातलेल्या घोळावर आमची अख्खी गल्ली अजून हसतेय, त्यात तुमची भर.

मी विट्याचा. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पण घरी बसून. काम काय, तर लोकांचे कॉम्प्युटर अडले की फोनवर उपाय सांगायचा. हे लक्षात ठेवा हं! आणि माझ्याच लॅपटॉपचं नेट दिवसातून कैक वेळा गायब. मीटिंगमध्ये मी तोंड उघडं ठेवून तसाच गोठलेला. शेवटी मॅनेजर मॅडमनी सुनावलं, सोमवारपर्यंत नेट नीट करा, नाहीतर पुण्याला येऊन बसा. आईच्या हातची भाकरी सोडून परत त्या कोंदट खोलीत? नको रे बाबा!

मग काय काय नाही केलं! लॅपटॉप बंद-चालू करून झाला. राऊटर कपाटावर ठेवला, फळीवर ठेवला, शेवटी देव्हाऱ्याशेजारी नेऊन ठेवला. आईनं विचारलं, हळदीकुंकू पण लावू का? केबलवाला संपत येऊन बघून गेला. म्हणाला, दिवा हिरवा आहे, मोबाईलवर नेट पळतंय, माझ्याकडून काही खोट नाही.

आणि एक दिवस माझ्या ध्यानात आलं, तसा मी हादरलोच. भिंतीपलीकडं बशीरचाचांचा गादी कारखाना. सगळीकडं कापूस, म्हणून चाचा आगीला लय भितात. नमाजाला निघोत नाहीतर नुसते चहाला, मेन स्विच पाडल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नाहीत. त्यांनी मेन पाडला की माझं नेट जायचं. ते परत आले की नेट परत! म्हणजे चाचाच माझं नेट ओढतायत, दुसरं काय? हिशोब उलटा होता, पण तेव्हा कुठलं सुचायला! लहानपणापासून मला ईदला शीरखुर्मा भरवणारे चाचा?

मी गुपचूप माझा पासवर्ड बदलला. तरी तेच. गंमत म्हणजे लॅपटॉपनं मला नवा पासवर्ड विचारलासुद्धा नाही. मला वाटलं, हुशार आहे, कळला असेल त्याला.

मग मात्र पारा चढला. लॅपटॉप काखेत मारला, संपतला साक्षीला घेतलं आणि थेट कारखान्यात. चाचा गादीला टाके घालत होते. चार गिऱ्हाइकांसमोर मी विचारलं, "चाचा, खरं सांगा, तुमी माझं नेट वापरताय का?"

चाचांच्या हातातली सुई तशीच थांबली.

"आरं सतीश, म्या तुझं कशाला घीन?" एवढंच म्हणाले. चेहरा पार उतरला त्यांचा.

मी पुरावा म्हणून लॅपटॉप उघडून संपतपुढं धरला. संपतनं स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट लावलं. हळूच म्हणाला, "दादा, ह्यो तुमच्या नेटवर न्हाईच की. नाव वाचा."

वाचलं. 'बशीर गादी कारखाना.'

आणि मग आठवलं हो! आमच्याकडं नेट यायच्या आधी, एकदा काम अडलं म्हणून मीच चाचांकडून पासवर्ड मागून घेतला होता. लॅपटॉपनं तो जपून ठेवला. पुढं माझं नेट आलं, ते मोबाईलला जोडलं, आणि लॅपटॉपला जोडायचं राहूनच गेलं. तेव्हापासून हा गडी चाचांच्याच जिवावर! आणि मी रोज गिऱ्हाइकांना पहिला प्रश्न कुठला विचारतो? "सर, आपण कोणत्या नेटवर्कवर आहात?"

मी चाचांचे पायच धरले. मला उठवत ते म्हणाले, "येडा का काय? आधी सांगायचं की. चहाला जाताना मेन चालू ठिवला असता."

नोकरी वाचली. लॅपटॉप आता माझ्याच नेटवर आहे, हे मी चाचांना सांगून सांगून थकलो. पण ते ऐकतील तर शपथ! अजूनही चहाला निघताना भर गल्लीतून हाळी देतात, "सतीश, मेन पाडतोय रं! मीटिंग न्हाई न्हवं?"

मीटिंग असतेच, आणि माझा माईकही नेमका चालू असतो.